सोडून दिलं… पुढं काय झालं? (अनुभव धागा)

गोदाकाठची
पैठणची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. नाथमहाराज गोदावरीत स्नान करून यायचे, एक जण त्यांच्यावर थुंकायचा, की महाराज परत पाण्यात उतरायचे. शेवटी थुंकणाराच पाया पडला. मला मात्र लहानपणापासून वाटतं, थुंकी नाथांच्याच अंगावर पडत होती, म्हणून सोडून द्यायचा हक्कही त्यांचाच होता. नुकसान एकाचं आणि "जाऊ द्या हो" म्हणणारा दुसराच, असं दिसलं की माझं डोकं फिरतं.
तुम्ही कुणाला सोडलं असेल, किंवा तुम्हाला सोडायला लावलं असेल, तर लिहा. नावं-गावं नकोत. सुविचार तर मुळीच नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतातच.

उसाच्या_फडातला
जिल्हा बीड, वडील मुकादम, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवून नेणारे. दसरा झाला की टोळी सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात. उचल, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेली रक्कम, आमच्या हातून वाटली जाते, पण पैसा आमचा नसतो, करार करून वरून आणलेला असतो. एका वर्षी ट्रॅक्टर भरायच्या दिवशी एक जोडपं गायब. उचल घेतलेली आणि घराला कुलूप. अशा वेळी काय काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. चुलता तर जीप घेऊन निघालाच होता. वडिलांना कळलं होतं की पोरीचं बाळंतपण अवघड झालं आणि उचल दवाखान्यात गेली. म्हणाले, "पळाला न्हाई त्यो, तोंड दाखवायला लाजायलाय." रक्कम पुढच्या हंगामावर ओढली, बिनव्याजी.
ते जोडपं पुढच्या वर्षी आलं, सगळी उचल फेडली. पण हे ऐकून त्याच वर्षी आणखी दोघांनी दांडी मारली, आणि त्यांच्या घरात कुणीही आजारी नव्हतं. कोयता (ऊस तोडणारं जोडपं) कमी पडला की बाकीच्यांवर भार येतो. मध्यरात्री उठून गाडी भरणाऱ्या बायांनी वडिलांना तोंडावर सुनावलं, "तुमचं मन मोठं, पर हात आमचे मोडायलेत." वडिलांकडं यावर उत्तर नव्हतं. तेव्हापासून ते दोन-दोन जोडप्यांना एकमेकांचे जामीन करून घेतात.

खडूवाले_गुरुजी
बारावीचं केंद्र. एका पोराच्या बाहीत चिठ्ठी सापडली. 1982 चा परीक्षा गैरप्रकारांचा कायदा आहे, केस केली असती तर पोराचं वर्ष गेलंच असतं. पर्यवेक्षकानं चिठ्ठी फाडली आणि पोराला दुसऱ्या बाकावर बसवलं. मी केंद्रावरच होतो, मला बरं वाटलं. पेपर सुटल्यावर मागच्या बाकावरची एक पोरगी आली. रोज एसटीनं येणारी, घरी शेतात काम करून अभ्यास करणारी. "सर, त्याला सोडलं ते बरं केलं. पण आमचं काय?" एवढं बोलून गेली. पोरगं पास झालं, आज नोकरीला आहे, दिसलं की वाकून नमस्कार करतं. पोरगी परत कधी दिसली नाही.

हिंगोलीकर
लहानाला सोडलं की तो उपकार, मोठ्याला सोडलं की तडजोड. बाकी चालू द्या.

नाव_नको
मला सोडायला लावलं. नवरा पिऊन मारायचा. मी माहेरी निघून आले तर गावची चार माणसं मागोमाग आली. चहा झाला, पानसुपारी झाली. "माय, लेकराकडं बघ." "चुकलंय त्याचं, पदरात घे." तो खाली मान घालून बसलेला. माफी माग असं त्याला कुणीच म्हटलं नाही, माफ कर असं मला सगळे म्हणाले. त्या चौघांत एकाच्याही पाठीवर वळ नव्हता.
गेले. पोळ्याला परत तेच झालं.
आता लातुरात राहते, शिवणकाम करते. तो महिन्याला लेकराला भेटायला येतो, त्याला चहा देते. सासूबाई म्हणतात, म्हणजे तू विसरलीस. मी काही बोलत नाही.

तालुका_कोर्ट
वकील आहे, तेव्हा थोडं कायद्याचं. 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम, म्हणजे प्रोबेशनचा कायदा आहे. त्याच्या कलम 3 खाली चोरीसारख्या काही गुन्ह्यांत, आधी शिक्षा झालेली नसेल तर, समज देऊन सोडता येतं. कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडता येतं, जास्तीत जास्त 3 वर्षांच्या मुदतीसाठी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ₹5,000 पेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे.
माझ्याकडं आलेलं एक प्रकरण. पोरानं विहिरीवरच्या मोटरीची केबल कापून तांबं विकलं. वय कमी, पहिलाच गुन्हा, बंधपत्रावर सुटला. मी त्याचाच वकील, खूश होतो. बाहेर शेतकरी उभा होता. केबल मिळेपर्यंत त्याचा हरभरा ऐन घाटे भरताना वाळला होता. म्हणाला, "साहेब, पोरगं सुटलं ते सुटलं. माझं पाणी कोण देणार?" 1958 च्याच कायद्याच्या कलम 5 खाली सुटणाऱ्याला नुकसानभरपाई द्यायला लावता येते. त्या दिवशी ती कुणीच मागितली नव्हती. मी आरोपीचा वकील, मी कशाला मागू?

गोदाकाठची
@तालुका_कोर्ट, नंतर मागता येत नाही का? आमच्या शेजाऱ्यांचं असंच एक चालू आहे.

तालुका_कोर्ट
सोडण्याचा आदेश देतानाच भरपाईचा आदेश द्यायचा, असं त्या कलमातच आहे. त्यामुळं निकालाच्या आधीच सरकारी वकिलांना गाठायला सांगा. मोटर दुरुस्तीची, केबल खरेदीची पावती सोबत न्यायची. तोंडी सांगितलेलं नुकसान कागदावर येत नाही.