जीपीएल-३ प्रोग्रॅम, पण कॅमेऱ्याची एसडीके बंदिस्त: पॅकेज कसं करायचं?

कोनाडा
सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातून चित्रं टिपणारा सी++ प्रोग्रॅम आहे, परवाना जीपीएल-३ (मुक्त परवाना, त्यात जोडून केलेला प्रोग्रॅमही त्याच अटींवर द्यावा लागतो). कॅमेरा कंपनीची एसडीके (कॅमेरा वापरणारे प्रोग्रॅम लिहिण्याचा संच) म्हणजे एक डॉट-एसओ फाइल (तयार लायब्ररी) आणि दोन हेडर (फंक्शनांच्या घोषणांच्या फाइल). डाउनलोड फुकट आहे, पण परवान्यात पुनर्वितरण आणि बदल या दोन्हींना मनाई आहे. सध्या सीमेक (प्रोग्रॅम बांधणारं साधन) ती लायब्ररी थेट लिंक करतो आणि फाइल गिट रेपोतच पडून आहे. डेबियन पॅकेज बांधताना डीपीकेजी-श्लिबडेप्स (पॅकेजला कोणत्या लायब्ररी लागतात ते शोधणारं साधन) अडतं, कारण त्या लायब्ररीची अवलंबित्वाची माहिती त्याला सापडत नाही. 'इग्नोअर-मिसिंग-इन्फो' दिलं की पॅकेज तयार होतं. तेवढं पुरे का? नंतर फ्लॅटपॅकही (वेगवेगळ्या लिनक्सवर चालणारं पॅकेज) करायचं आहे.

शिळाप्रेस
नाही. त्या पर्यायाने फक्त तक्रार बंद होते. लायब्ररी नसलेल्या मशीनवर प्रोग्रॅम उघडणारच नाही, कारण लोडर (प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी मेमरीत आणणारा) 'मेन' फंक्शनपर्यंत पोचायच्या आधीच थांबेल.

सगळ्यात आधी रेपो साफ करा. एसओ आणि हेडर दोन्ही काढा. हेडरलाही तोच परवाना लागू असतो, हे बहुतेक वेळा नजरेआड होतं. जुन्या टॅगच्या (खूण केलेल्या आवृत्तीच्या) टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) त्या फाइल राहतातच, म्हणून इतिहासही पुन्हा लिहावा लागेल. डेबियनसाठी जुनीच आवृत्ती घ्यायची असेल तर कॉपीराइट फाइलमध्ये 'फाइल्स-एक्सक्लूडेड' द्या. युस्कॅन (मूळ कोड उतरवणारं डेबियनचं साधन) त्या फाइल वगळून टारबॉल पुन्हा बांधतो. आवृत्तीला '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांत बसवल्याची खूण) जोडायला विसरू नका.

मग थेट लिंक सोडा आणि लायब्ररी डीएल-ओपनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, उघडा. लागणारी दहा-बारा फंक्शनं डीएल-सिमने घ्या आणि त्यांची घोषणा दस्तऐवज वाचून स्वतः लिहा. इथली खरी जोखीम स्ट्रक्टची (एकत्र बांधलेल्या फील्डांच्या रचनेची) आहे. कंपनीने पुढच्या आवृत्तीत मधेच एक फील्ड घातलं, की तुमचे ऑफसेट (फील्डांच्या जागा) सरकतात आणि प्रोग्रॅम कुठेतरी भलतीकडेच कोसळतो. म्हणून उघडल्याबरोबर आवृत्ती विचारणारं फंक्शन बोलवा आणि ओळखीची आवृत्ती नसेल तर स्पष्ट संदेश देऊन थांबा. फाइलचं नावही आवृत्तीच्या आकड्यासकट मागा, नुसतं '.एसओ' नको.

डेबियनच्या साठ्यात विभाग कोणता, 'मेन' (पूर्ण मुक्त) की 'कॉन्ट्रिब' (स्वतः मुक्त, पण बंदिस्त गोष्टीवर अवलंबून), हे प्रोग्रॅम त्या लायब्ररीशिवाय काय करतो यावर ठरतं. साठवलेली चित्रं उघडणं, मोजमाप, साधे यूएसबी कॅमेरे हे सगळं चालत असेल तर 'मेन'मध्ये जागा आहे. तिच्याशिवाय काहीच होत नसेल तर 'कॉन्ट्रिब'. 'मेन'मधल्या पॅकेजला बाहेरच्या पॅकेजवर डिपेंड्स, रेकमेंड्स किंवा बिल्ड-डिपेंड्स ठेवता येत नाही, सजेस्ट्स (नुसती सुचवण) चालतं.

ताम्रपट
वरची तांत्रिक बाजू बरोबर आहे, पण डीएल-ओपनने जीपीएलचा प्रश्न (बंदिस्त लायब्ररी जीपीएल प्रोग्रॅमला जोडायची का) सुटतो असं धरून चालू नका. प्लगइन आणि प्रोग्रॅम एकमेकांची फंक्शनं बोलवत असतील आणि डेटा-स्ट्रक्चर वाटून घेत असतील, तर तो एकच संयुक्त प्रोग्रॅम, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. लिंक आधी झाली की चालू असताना, याने त्यांच्या लेखी फरक पडत नाही.

दोन वाटा आहेत. जीपीएल-३च्या कलम ७ खाली त्या लायब्ररीशी जोडायची जादा परवानगी देता येते. पण ती सगळ्या कॉपीराइटधारकांनी द्यायला हवी, आणि तुम्ही दुसऱ्या कुणाची जीपीएल लायब्ररी वापरत असाल तर तिच्या वतीने तुम्हाला ती देताच येत नाही. असे प्रकल्प इथेच अडकतात.

दुसरी वाट मला जास्त पटते: कॅमेऱ्याशी बोलणारा छोटा सहायक प्रोग्रॅम वेगळा लिहा, त्याला एमआयटी परवाना (बंदिस्त लायब्ररीशी जोडू देणारा) द्या आणि मुख्य प्रोग्रॅमशी पाइप किंवा सॉकेटवरून साध्या, जाहीर स्वरूपात बोलू द्या. चित्रं मोठी असतील तर पिक्सेलपुरती सामायिक मेमरी घ्या, आतली स्ट्रक्चर मात्र पलीकडे पाठवू नका. सहायक 'कॉन्ट्रिब'मध्ये, मुख्य प्रोग्रॅम 'मेन'मध्ये, मधे सजेस्ट्स. लायब्ररी कोसळली तरी उघडं काम वाचतं, हा फायदा वेगळाच.

कोनाडा
सहायकाची कल्पना आवडली. पण लायब्ररी वापरणाऱ्याच्या मशीनवर पोचवायची कशी? पोस्टइन्स्टमध्ये (पॅकेज बसवल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) डाउनलोड टाकू का?

शिळाप्रेस
शक्यतो नको. नेट नसेल किंवा सर्व्हर बंद असेल तर पोस्टइन्स्ट अपयशी ठरतो, पॅकेज अर्धवट कॉन्फिगर राहतं आणि ते सुटेपर्यंत एपीटीच्या (पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) प्रत्येक फेरीत तीच चूक येते. त्यापेक्षा वापरणाऱ्याने स्वतः चालवायची आज्ञा द्या: परवाना दाखवा, होकार घ्या, फाइल उतरवा, शा-२५६ (फाइलची ओळख पटवणारा आकडा) जुळवा, मगच जागेवर ठेवा. पोस्टइन्स्टच हवा असेल तर डेबकॉन्फमध्ये (बसवताना प्रश्न विचारणारी सोय) होकार मूळचा 'नाही' ठेवा आणि डाउनलोड फसलं तरी सूचना देऊन शून्यानेच (यशाच्या संकेताने) बाहेर पडा.

कंपन्या त्याच पत्त्यावर गुपचूप नवी फाइल ठेवतात आणि शा जुळेनासा होतो. तपासणी सैल करू नका, पॅकेजची नवी आवृत्ती काढा. उतरवलेली फाइल डीपीकेजीला (पॅकेजची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) माहीत नसते, त्यामुळे पर्जच्या (पॅकेज पूर्ण काढण्याच्या) वेळी ती पोस्टआरएमने (काढल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टने) पुसायला हवी. आणि पॅचएल्फने लायब्ररीचा आरपाथ (इतर लायब्ररी शोधायची जागा) बदलू नका, स्ट्रिपही (आतली जादा माहिती काढणं) करू नका: परवान्यात बदलाला मनाई आहे. सहायकाने पूर्ण पत्ता देऊन फाइल उघडली की त्याची गरजच उरत नाही.

घडवंची
फ्लॅटपॅकचं सांगतो. तिथे 'एक्स्ट्रा-डेटा' हा स्रोतप्रकार याचसाठी आहे. पत्ता, शा-२५६ आणि बाइटमधला अचूक आकार द्यायचा; फाइल इन्स्टॉलच्या वेळी थेट कंपनीकडून येते, तुमच्या रेपोत कधीच नसते. म्हणजे बांधणीच्या वेळीही ती नसते, तेव्हा वर सांगितलेलं डीएल-ओपन इथेही लागेलच. उलगडण्याचं काम 'अप्लाय-एक्स्ट्रा' स्क्रिप्ट करते. तिला नेट मिळत नाही, आणि अर्काइव्ह उघडणारं साधन रनटाइममध्ये नसेल तर तुम्हालाच अ‍ॅपमध्ये घालावं लागतं. फाइल '/अ‍ॅप/एक्स्ट्रा'मध्ये येतात.

यूडेव्हचा नियम (कॅमेऱ्यासारखी उपकरणं कुणाला वापरता येतील हे ठरवणारा) मात्र फ्लॅटपॅक बसवू शकत नाही, तो यजमान सिस्टिमवर हवा. डेब पॅकेजमध्ये कंपनीचा नियम उचलू नका. असे नियम बऱ्याचदा ०६६६ (सगळ्यांना वाचायची-लिहायची मुभा) देऊन मोकळे होतात. स्वतःचा लिहा, 'यूअ‍ॅक्सेस' टॅग (मशीनसमोर बसलेल्यालाच हक्क देणारा) लावा आणि फाइलच्या नावाचा आकडा ७३च्या खाली ठेवा. हक्क देणारा नियम ७३ क्रमांकाच्या फाइलमध्ये आहे. त्याच्यानंतर लावलेल्या टॅगचा काही उपयोग होत नाही.