प्रतिसाद: महाडच्या मागे उभी असलेली साधनं

महाडचा सत्याग्रह सापेक्ष वंचिततेच्या सिद्धांताने (इतरांच्या तुलनेत आपल्याला कमी मिळतंय या जाणिवेतून लोक आंदोलन करतात) पूर्ण उलगडतो, असं या चर्चेत म्हटलं गेलं; ते मला अर्धंच पटतं. वंचितता शतकानुशतकांची होती. मग 1927च का, आणि महाडच का? इथे साधनसंघटनाचा सिद्धांत जास्त कामाचा आहे: पैसा, माणसं, संघटना अशी साधनं जमली की आंदोलन उभं राहतं, असं तो सांगतो. दापोली-महाडकडे महार समाजातल्या पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. त्यांच्याकडे थोडं शिक्षण होतं, नियमित पैसा होता आणि शिस्तीची सवय होती. गोपाळबाबा वलंगकर याच परंपरेतले, 1888 साली अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका काढणारे. म्हणजे आंबेडकर महाडला आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. त्यात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला 1923चा बोले ठराव आणि पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव. कायद्याने दार उघडलं होतं, फक्त कुणी आत पाऊल टाकू देत नव्हतं.

चर्चेत अजून न आलेली गोष्ट महाडलाच 1927च्या डिसेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या परिषदेची. मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी स्वतःची जमीन दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं ते याच परिषदेत. साधनं म्हटलं की आपण पैसा आणि संघटना मोजतो; गावाचा रोष पत्करून जमीन देणारा शेजारी त्या हिशेबात क्वचितच येतो. मात्र मनुस्मृती जाळण्याचा निर्णय साधनांवरून कळत नाही. त्यासाठी आंदोलन अन्यायाला कोणत्या अर्थचौकटीत मांडतं, म्हणजे त्याचा कोणता अर्थ लोकांपुढे ठेवतं, हेच पाहावं लागेल.