मदत हवी आहे: दुसरीची मुलं घरी आपली आपण कशी शिकतील?

नमस्कार. भोर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. माझ्याकडे पहिली-दुसरी. प्रश्न दुसरीच्या १४ मुलांचा आहे. ही जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली आणि आज ऑगस्ट २०२१ संपत आला तरी कोरोनामुळे शाळा बंद असल्यानं एक दिवस वर्गात बसलेली नाहीत.

ऑनलाइनचं म्हणाल तर स्मार्टफोन पाच घरांत. त्यातल्या तिघांचे वडील शिरवळच्या एमआयडीसीत जातात, फोन त्यांच्या खिशात. रात्री फोन घरी येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं. मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दीक्षाच्या (सरकारी शैक्षणिक अ‍ॅपच्या) लिंका टाकते, दोन निळ्या खुणा येतात, विषय संपला. गेल्या वर्षी सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही शाळेच्या अभ्यासाची मालिका लागायची तेव्हा टीव्ही असलेल्या घरी पोरं गोळा व्हायची. ते मला आवडलं होतं. फळ्यापुढे उभं राहून कुणी शिकवत नव्हतं, घरातल्याच वस्तू घेऊन करून बघणं होतं.

सध्या आठवड्यातून दोनदा वाडीत जाते, कुणाच्या तरी ओसरीवर चार-पाच जणांना घेऊन बसते आणि निघताना पुढच्या तीन दिवसांच्या स्वाध्यायपत्रिका देते. सगळ्या भरून येतात. एकही चूक नाही. सातवीतल्या ताईच्या वळणदार अक्षरात!

आधी मला त्या ताईचाच राग यायचा. मग एका मुलाला जवळ घेऊन विचारलं, तू का नाही सोडवलंस? तर म्हणतो, "बाई, काय करायचं ते त्यात लिहिलंय ना, मला कुठं वाचता येतंय?" काय बोलणार! 'खालील चित्रे पाहून योग्य जोड्या लावा' हे ज्याला वाचता येतं त्याला त्या पत्रिकेची गरजच नाही. सेतू अभ्यासक्रमाचंही तेच. १ जुलैपासून ४५ दिवस मागच्या इयत्तेची उजळणी. पण पहिली झालीच कुठे, तर उजळणी करायची?

तर मला अशी कामं सुचवा, जी न वाचता समजतील, मोठ्यांना करून द्यावीशी वाटणार नाहीत आणि बरोबर आलं की चुकलं हे मुलाला स्वतःलाच कळेल. आईबाप लावणीतून आत्ता कुठे मोकळे झालेत, रोज शेजारी बसून अभ्यास घ्या असं मी त्यांना सांगू शकत नाही. खर्च फार नको, झेरॉक्स आधीच माझ्या पदरची आहे.

प्रतिसाद १
यूट्यूबवर खूप छान व्हिडिओ आहेत, ते लावून द्या. मुलं आपोआप शिकतात.

धागाकर्ती
दादा, फोनचं वर लिहिलंय.

प्रतिसाद २
बाई, मीही जिप शिक्षक. पत्रिका बंद करा, काडेपेट्या द्या. रिकाम्या काडेपेटीवर अंक लिहायचा, आतल्या खणाच्या तळाला तेवढे ठिपके काढायचे. मुलानं अंक बघून तेवढे चिंचोके मोजून बाहेर मांडायचे, मग पेटी उघडून एकेका ठिपक्यावर एकेक चिंचोका ठेवायचा. उरला किंवा कमी पडला की चुकलं. तपासायला ना तुम्ही लागता ना ताई. दहापर्यंत जमलं की काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला द्या, दशक-सुटे तिथेच कळतात.

वाचनासाठी रद्दी. एका कार्डावर 'म' लिहून द्या, सोबत वर्तमानपत्राचा पाव तुकडा. सापडेल त्या 'म'ला गोल. दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्यात 'मा' आणि 'मी'. ताईला या कामाचा इतका कंटाळा येतो की ती हात लावत नाही, हा अनुभव आहे. फक्त काम देताना ओसरीवर एकदा प्रत्येकाकडून करून घ्या. तोंडी सूचना घरी पोचेपर्यंत विरून जाते, हातानं केलेलं राहतं.

प्रतिसाद ३
मी शिक्षक नाही, पालक आहे. त्या ताईला ओरडू नका एवढंच म्हणेन. तिला काम द्या: रोज संध्याकाळी धाकट्यानं काय केलं ते फक्त विचारायचं, पेन्सिल हातात घ्यायची नाही. आजी असेल तर अजून उत्तम. आजीला लिहिता-वाचता येत नसलं तरी "दाखव बघू" म्हणता येतंच की.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार, विशेषतः काडेपेटीवाल्या सरांचे. पोषण आहाराच्या कोरड्या शिध्याच्या वाटपाला आया शाळेत आल्या तेव्हा प्रत्येकीजवळ दहा पेट्या आणि ५५ चिंचोक्यांची पिशवी दिली. काल जाऊन आले. नऊ मुलांनी माझ्यासमोर दहाच्या दहा पेट्या लावून दाखवल्या. एकीनं 'सहा'ची पेटी उघडली, एक ठिपका मोकळा राहिला, मी काही बोलायच्या आत तिनंच पिशवीत हात घातला. 'म'च्या तुकड्यांचं मात्र संमिश्र आहे, 'भ'ला पण गोल होतायत.

उरलेल्या पाच जणांच्या पेट्या धड आहेत, चिंचोके नाहीत. भाजून खाल्ले. त्यांच्यासाठी आता दुसरं काय देऊ?

प्रतिसाद २
खडे द्या बाई. आमच्याकडेही पहिल्या आठवड्यात हेच झालं होतं.