'जुळवून घ्या' हा सल्ला नेहमी खालच्यालाच का?

डावखुरी:

'जुळवून घ्या' असं आपण कुणाकुणाला सांगतो ते एकदा आठवून बघा. नव्यानं लग्न होऊन आलेलीला, नोकरीत नव्यानं लागलेल्याला, मधेच शाळा बदललेल्या मुलाला, परक्या देशात गेलेल्याला. घरच्यांना, साहेबाला, शाळेला किंवा त्या देशाला हा सल्ला दिलेला मी तरी ऐकलेला नाही. लवचिकपणा हा मोठा गुण आहे म्हणे, पण तो समोरच्याच्या अंगी असावा अशी सगळ्यांची इच्छा.

मी डावखुरी आहे, म्हणून हे जरा जास्तच दिसतं. कात्री आमच्यासाठी नाही, खुर्चीला जोडलेली लिहायची फळी आमच्यासाठी नाही. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो, तरी जगभर कित्येक पिढ्या अशा मुलांना मारून, हात बांधून उजव्या हातानं लिहायला लावलं गेलं. मुलं सुधारली म्हणून ते थांबलेलं नाही. मोठ्यांनी मारणं सोडलं, म्हणून थांबलं.

'घाई नको, लोकांची मनं तयार होऊ द्या' असं म्हणणाऱ्यांनी स्वित्झर्लंडकडे बघावं. देशाच्या निवडणुकीत बायकांना मताचा अधिकार द्यावा का, असं १९५९ मध्ये तिथल्या पुरुषांना विचारलं, तेव्हा दोन तृतीयांश पुरुष 'नाही' म्हणाले. १९७१ मध्ये होकार मिळाला, तरी अपेंझेल इनररोडन या प्रांतातले पुरुष प्रांताच्या कारभारात बायकांना मताचा अधिकार द्यायला एप्रिल १९९० मध्येही तयार नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात संघीय न्यायालयानं निकाल दिला, तेव्हा कुठे ते झालं. या ३१ वर्षांची किंमत कुणी मोजली? ज्यांची मनं तयार व्हायची होती, त्यांना तर एक दिवसही चुकता करावा लागला नाही.

माझं म्हणणं एवढंच: माणूस आणि व्यवस्था यांचं जमत नसेल, तर 'मी अशीच का हवी' हे आधी व्यवस्थेनं पटवून द्यावं. आज उलटं चालतं.

जुना खांब:

साफ असहमत. पटवून देता येत नाही ते टाकून द्यायचं म्हटलं तर काय होतं, त्याचा प्रयोग होऊन गेलाय.

१९२९ मध्ये सोविएत सरकारनं रविवार मोडीत काढला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येकाला एक रंग दिला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. पण प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी, म्हणजे यंत्रं कधीच बंद पडणार नाहीत. कागदावर खोट काढायला जागा नाही, उलट माणशी सुट्ट्या वाढल्या! प्रत्यक्षात नवरा एका रंगाचा, बायको दुसऱ्या, मित्र तिसऱ्या. सुट्टी आहे पण घरात कुणी नाही. यंत्रांची देखभालही कोलमडली, कारण ती कधी थांबेचनात आणि नेमकी कुणाच्या हाती आहेत हे कळेना. १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा आणि सगळ्यांना एकच सुट्टी अशी माघार झाली. १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार दोन्ही मुकाट परत आले.

आता सांगा, १९२८ मध्ये रविवारला कुणी दरडावून विचारलं असतं की बाबा, तू अस्साच का, तर त्यानं काय सांगितलं असतं? 'त्या दिवशी सगळे एकदम रिकामे असतात.' असलं उत्तर कुठल्या समितीला पटतं? जुन्या व्यवस्थांचे निम्मे उपयोग त्या मोडल्यावरच कळतात.

उगाच एक:

बायका ३१ वर्षं थांबल्या, रविवार ११ वर्षांत परत आला. वशिला कुणाचा मोठा ते कळलं. दोघांनाही +१, चालू द्या.

सव्वापाच:

मला दोघांचंही अर्धंच पटतं. मनं तयार असावी लागतात हेही खरं नाही, आणि वरून लादलेलं टिकत नाही हेही नाही.

स्वीडनमध्ये गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालायच्या. शेजारच्या नॉर्वे-फिनलंडमध्ये उजवीकडून. उजवीकडे जायचं का, यावर १९५५ मध्ये सार्वमत घेतलं, तर सुमारे ८३ टक्के लोकांनी ते फेटाळलं. तरी १९६३ मध्ये संसदेनं निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे रस्त्यावर होत्या तेवढ्या गाड्या थांबवून, पलीकडच्या बाजूला नेऊन, बरोबर पाच वाजता पुन्हा सोडल्या. अनर्थ झाला नाही. पहिले काही महिने अपघात उलट कमी झाले, कारण जो तो जीव मुठीत धरून चालवत होता. पुढे सवय झाली तसे आकडे पूर्वपदावर आले.

हे जमलं ते चार वर्षांच्या तयारीमुळे. पाट्या, सिग्नल, चौक सगळं नव्यानं केलं. बसची दारं दुसऱ्या बाजूला हवी म्हणून नव्या बस घेतल्या, जुन्यांना दारं पाडली. घरोघर माहितीपत्रकं गेली. 'तुमचं तुम्ही जुळवून घ्या' असं सांगून सरकार मोकळं झालं नाही. बदलाचा खर्च ज्यानं बदल आणला त्यानं उचलला, की लोक कुरकुरत का होईना, वळतात.

जुना खांब:

सव्वापाच, उदाहरण चांगलं आहे, पण इथे लागू नाही. रस्त्याची बाजू बदलल्यानं कुणाचा मान कमी झाला नाही, सगळ्यांची गैरसोय सारखीच. घरात, जातीत, कचेरीत बदल होतो तेव्हा एकाचं जातं आणि दुसऱ्याला मिळतं. तिथे माहितीपत्रकं वाटून काय होणार?

डावखुरी:

खांबसाहेब, या एका मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची. म्हणून तर म्हणते, ज्याचं जाणार आहे त्याच्या संमतीवर बदल टांगून ठेवू नका.

आणि मी रविवार मोडायला निघालेली नाही. अपंगांच्या हक्कांबद्दल संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्यातली मांडणी मला पटते. एखाद्याला वाजवी फेरफार करून देणं नाकारलं, तर तो भेदभाव धरला जातो. मात्र तो फेरफार करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडू नये, अशी अटही तिथेच आहे. पायऱ्या पाडा असं कुणी म्हणत नाही, शेजारी उतार बांधा म्हणतात. मग त्याच उतारावरून बाबागाड्या जातात, सामानाच्या ढकलगाड्या जातात, गुडघे दुखणारे जातात.

जुना खांब:

आणि बोजा अवाजवी आहे की नाही, हे ठरवणार कोण? ज्याला तो उचलायचाय त्याला विचाराल तर तो नेहमीच अवाजवी. ज्याला हवाय त्याला विचाराल तर कधीच नाही.

फाईलवाली:

मी कचेरीत आस्थापनेचं काम बघते, म्हणून जरा वेगळं बोलते.

डावखुरी, तुमच्या लेखी व्यवस्था म्हणजे वरच्यांची सोय. आमच्याकडे मधे एक साहेब आले, त्यांना नियमांचा भारी तिटकारा. 'आपण सगळे एक कुटुंब' हे त्यांचं पालुपद. ज्येष्ठतेची यादी कपाटात गेली आणि चांगली कामं त्यांच्याबरोबर चहाला बसणाऱ्यांना मिळायला लागली. लेखी नियम नसले की वशिल्याचे नियम लागू होतात. ते कुठे लावलेले नसतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध अर्जही करता येत नाही. ज्याला कुणी वाली नाही, त्याला प्रस्थापित व्यवस्थेचाच आधार असतो.

पण खांबसाहेब, तुम्हीही ऐका. आता आमच्याकडे सगळ्या नोंदी संगणकावर जाताहेत. निवृत्तीला आलेले एक लिपिक आहेत, कुठला कागद कुठे सापडेल हे त्यांनाच विचारायचं अशी त्यांची ख्याती. नव्या पद्धतीत ते एका दिवसात शिकाऊ झाले. पोरं त्यांना बटणं दाखवतात आणि आपापसात हसतात. 'ते बदलायलाच तयार नाहीत' असा शेरा तयार आहे. ते शिकतील हो. पण ज्या ज्ञानावर त्यांचा मान होता त्याचा भाव उतरला, आणि त्याची भरपाई कुणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

डावखुरी:

फाईलवाली, मग 'जुळवून घ्या' हे त्यांनाही सांगितलं जातंय ना? खालचा म्हणजे नेहमी नवाच असतो असं मी कुठे म्हटलं? साहेबांना कुणी विचारलं का, की पद्धत आखताना या माणसाला शेजारी का बसवलं नाही?

जुना खांब:

बघा हं, डावखुरी जुन्याची बाजू घेताहेत. धागा जपून ठेवावा म्हणतो.

फाईलवाली:

विचारलं मी. जुन्या वह्या आणि संगणक काही महिने जोडीनं चालू द्या, त्या काळातल्या चुका गोपनीय अहवालात धरू नका आणि नोंदींची वर्गवारी या लिपिकांकडून तपासून घ्या, असं लेखी दिलं. वरून उत्तर आलं, 'कर्मचाऱ्यांनी मानसिकता बदलावी.' खांबसाहेब, आता बोला. यात तुम्ही कुठल्या बाजूला?

जुना खांब:

यात तुमच्या. उत्तरावर पुन्हा अर्ज करा, मसुदा हवा तर मी बघून देतो. मात्र वह्या लगेच रद्दीत घालू देऊ नका.