विषय: सासूसासऱ्यांना घेऊन स्वाकोपमुंडला जावं का?

नमस्कार मंडळी,
सासूसासरे मे महिन्यात दिग्रसजवळच्या गावाहून आमच्याकडे येताहेत. त्यांना चार दिवस नामिबियात, समुद्रकाठच्या स्वाकोपमुंडला न्यावं असं मनात आहे. सासरे म्हणतात, "इथलं ऊन सोडून वाळवंटात काहून जाव?" कोणी गेलं असेल तर कळवा.

—

ताई, अवश्य न्या. मी आईला तिथं नेलं होतं. मी सध्या दारव्हा तालुक्यात घरी आलोय. आई ओट्यावर तूर पाखडत बसली आहे, तिला विचारत विचारतच लिहितो.

सासऱ्यांना आधी सांगा, तिथं थंडी असते. बेंग्वेला नावाचा गार समुद्रप्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. त्यामुळे सकाळी दाट धुकं, आणि पाऊस मात्र वर्षाला २० मिलिमीटरही नाही. आई पहिल्याच दिवशी नऊवारीवर माझा स्वेटर घालून फिरली. समुद्रात पाय बुडवले की बधिर होतात. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या मे ते ऑगस्टमध्ये, अधूनमधून वाळवंटाकडून गरम वारा सुटतो आणि वाळू उडते. तेव्हा बाहेर पडू नका.

राजधानी विंडहोकहून डांबरी रस्ता आहे, साधारण ३५० किलोमीटर. गाव १८९२ मध्ये जर्मनांनी बंदरासाठी वसवलं. दीपगृह, जेट्टी, जुनी घरं एका दुपारी बघून होतात.

वेळ ठेवा तो वेल्विचियासाठी. गावात परवाना काढायचा आणि गाडीनं आत वाळवंटात जायचं. जन्मभर दोनच पानं असलेलं झाड! ती पानं वाढतच राहतात, वाऱ्यानं फाटून त्यांच्या चिंध्या होतात, म्हणून ती पुष्कळ दिसतात. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. धुक्याचा ओलावा आणि जमिनीतली थोडीशी ओल, एवढ्यावर जगतात. आई झाडाभोवतीच्या दगडांच्या रिंगणाबाहेर उकिडवी बसली आणि पानाची वाळकी टोकं कितीतरी वेळ न्याहाळत राहिली. "हे काहून मरत नाही बाप्पा?" मग हातातल्या बाटलीचं झाकण उघडलं. वाटाड्यानं हात जोडून थांबवलं. जन्मभर कोरडवाहू केलेल्या बाईला तहानलेलं झाड बघवेना, हे मी त्याला कसंबसं समजावलं.

आणि एक. गावाच्या कडेला स्मशानभूमी आहे, तिथंही न्या. १९०४ ते १९०८ च्या काळात जर्मनांनी हेरेरो या स्थानिक जमातीच्या लोकांना इथल्या छावणीत डांबलं होतं. उपासमारीनं आणि थंडीनं जे मेले त्यांच्या कबरी म्हणजे नुसते वाळूचे उंचवटे, नावाची पाटी नाही. आईनं चपला काढल्या आणि उभी राहिली. बराच वेळ आम्ही कोणी बोललो नाही. सहलीत हे कशाला, असं म्हणणारे भेटतील, पण मला वाटतं ते बघितल्याशिवाय त्या गावाहून परतू नये.

—

दादा, सासऱ्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. आता ते निघायला तयार आहेत. त्यांचा एकच प्रश्न आहे, त्या झाडाला बी येतं का?

—

येतं. पपईसारखं नर झाड वेगळं, मादी वेगळं. मादीला शंकू लागतात, बियांना कागदासारखे पंख असतात, वाऱ्यावर उडतात. पण चांगला पाऊस पडेल त्याच वर्षी रुजतात. आईचा निरोप: "तिले सांगजो, बुड्याले कानटोपी घेऊन दे."