हरकाम्या : अर्थ, उगम आणि वापर

प्रश्न : सोलापूरच्या नवी पेठेत एका कापडाच्या दुकानावर पाटी पाहिली, ‘हरकाम्या पाहिजे’. सोबतच्या भाच्यानं विचारलं, यातला ‘हर’ म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या ‘हर्र बोला हर्र’मधला का? हसलो खरा, पण नीट सांगता आलं नाही. आणि आमच्याकडं ‘वरकाम्या’ म्हणतात, तो हाच का?

— महादेवाचा इथं संबंध नाही. हा फारसी ‘हर’, म्हणजे प्रत्येक. हररोज, हरएक, हरतऱ्हेचा यांतला. ‘काम’ मात्र आपलं, संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ या वाटेनं आलेलं. फारसी डोकं आणि देशी धड ही जोडणी मराठीला नवी नाही. हरघडी, हरप्रयत्न पाहा. शेवटचा ‘-या’ अडत्या, नाच्या यांतला. म्हणून अनेकवचन अडते तसं हरकामे. पडेल ते काम करणारा, एवढाच अर्थ.

— सर, याचा सख्खा भाऊ राहिला की! हरकारा. तोही ‘हर’ अधिक ‘कार’, आणि कार म्हणजे कामच. शब्दशः हरकाम्याच, पण निरोप पोचवण्याच्या कामाला जुंपला आणि जासुदाच्या पंक्तीला जाऊन बसला. इंग्रजीतला ‘फॅक्टोटम’ही याच घडणीचा. लॅटिनमध्ये ‘फॅक’ म्हणजे कर, ‘टोटम’ म्हणजे सगळं. 1592 साली रॉबर्ट ग्रीन या नाटककारानं एका नटाला ‘योहानेस फॅक टोटम’ म्हणून डिवचलं. तो टोमणा शेक्सपिअरला होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

— म्हणजे तिकडं सगळं करणारा चेष्टेचा विषय, आणि इकडं ‘हरहुन्नरी’ म्हटलं की कौतुक. पण तेही हुन्नर असेल तर. नुसतं काम असलं की हरकाम्या, आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही.

— वरकाम्या वेगळा. त्यातला ‘वर’ वरवरच्या, किरकोळ कामाचा. ‘वरकामाला बाई’ म्हणतो तोच. लग्नात आचारी भट्टीपाशी आणि कांदे चिरणारा, पाणी भरणारा तो वरकाम्या. त्याला मुख्य माणूस लागतो. हरकाम्याला मालक पुरतो. बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळतात, हे मात्र खरं.

— मार्केट यार्डात जन्म गेला, हरकाम्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही. अडतीवर लिहिणारा दिवाणजी, वजन करणारा तोलार, पोती उचलणारा हमाल. चहा आणणारा, झाडणारा, बँकेत पळणारा जो उरतो तो ‘पोऱ्या’. चाळिशी उलटली तरी पोऱ्याच! त्यापेक्षा पाटीवरचा शब्द बरा, निदान वय तरी काढत नाही.

— काका, पण बाई असली तर पाटीवर काय लिहायचं? ‘हरकामी’ माझ्या कानाला अर्धवट लागतं.

— ‘सर्व कामांसाठी बाई पाहिजे’ लिहितात सरळ. तेच लिहा.