एटीए लावला, पण आलेला कॉल बरोबर अर्ध्या मिनिटात कटतो

काउंटरवाला:
छोट्या ऑफिसात दोन लँडलाइन आहेत. त्यांवर चार साधे फोन, एक फॅक्स आणि चोरघंटेचा डायलर. सगळं इंटरनेट फोनवर न्यायचं आहे. चाचणीसाठी एक तात्पुरता नंबर घेतलाय आणि दोन पोर्टचा एटीए (साधे फोन इंटरनेटवर चालवणारा डबा) राउटरला जोडलाय. डाउनलोड ५०, अपलोड १० एमबीपीएस. आपण केलेले कॉल नीट चालतात. आलेला कॉल मात्र उचलल्यावर अर्ध्या मिनिटात आपोआप कटतो, दर वेळी. कधीकधी समोरच्याला आपलं ऐकू जातं, आपल्याला त्याचं नाही. आणि संगणकाचा बॅकअप चालू असला की आवाज तुटतो. तीन वेगळे दोष आहेत की एकच? भिंतीतली जुनी वायरिंग वापरता येईल का? आणि जुन्या लाइन कधी बंद करायला सांगायच्या?

पॅकेटमोजणी:
दोष दोनच आहेत. पहिले दोन एकाच मुळाचे, तिसरा वेगळा.

कटण्याची वेळ घड्याळ लावून मोजा, ३२ सेकंद निघतील. कॉल उचलला की तुमचा एटीए '२०० ओके' असा निरोप पाठवतो आणि पलीकडून 'एसीके' म्हणजे पोच यायची वाट बघतो. पोच आली नाही की तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो आणि अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंदांनी नाद सोडून कॉल बंद करतो. पोच येत नाही कारण निरोपातल्या 'कॉन्टॅक्ट' ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता असतो, किंवा राउटरने तो बदलताना घोळ घातलेला असतो. सर्व्हर त्या पत्त्यावर पोच धाडतो, ती वाटेतच मरते. तुम्ही केलेल्या कॉलमध्ये पोच तुमच्याकडून जाते, म्हणून तो टिकतो.

एकतर्फी आवाजाचंही तेच. आवाज कुठे पाठवायचा हे त्याच निरोपाच्या 'एसडीपी' नावाच्या भागात लिहिलेलं असतं. तिथे आतला पत्ता गेला की समोरच्याचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही.

या क्रमाने करा. राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' शोधून बंद करा. राउटरने इंटरनेट फोनच्या निरोपांतले पत्ते स्वतः बदलण्याची ही सोय मदतीसाठी बनवली होती, प्रत्यक्षात बहुतेक वेळा तीच पत्ते बिघडवते. मग राउटर आणि एटीए दोन्हींचा वीजपुरवठा मिनिटभर काढून पुन्हा लावा, नाहीतर राउटरच्या आठवणीतल्या जुन्या नोंदी तशाच राहतात आणि 'बंद करूनही फरक नाही' असं वाटतं. एटीएमध्ये 'कीप अलाइव्ह' (वाट उघडी ठेवायला अधूनमधून जाणारा छोटा निरोप) २० सेकंदांवर ठेवा. हे नसेल तर फोन थोडा वेळ शांत राहिला की राउटर वाट बंद करतो आणि येणारे कॉल वाजतच नाहीत. शेवटी बघा की इंटरनेट कंपनीचा मोडेम स्वतःच राउटरचं काम करत नाहीये ना. एकामागे एक दोन राउटर असतील तर पहिल्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता मोडेम राहील.

तरीही कॉल कटला तर एटीएचा सिसलॉग (घडामोडींची नोंद) संगणकावर घ्या आणि आलेल्या कॉलमधली 'कॉन्टॅक्ट' ओळ बघा. तिच्यात कुठला पत्ता आहे ते कळलं की बाकी सगळं उलगडतं.

रात्रपाळी:
वरच्यात एक भर. या दुखण्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ५०६० पोर्ट (इंटरनेट फोनचे निरोप येण्याचं नेहमीचं दार) राउटरमधून एटीएकडे उघडणं. ते करू नका. त्या पोर्टवर जगभरातून यंत्रं ठोकून बघत असतात. मग रात्री दोनला १०० किंवा १००१ अशा नंबरांवरून घंटा वाजते आणि उचलल्यावर कोणीच नसतं. एटीएमध्ये 'फक्त नोंदणी केलेल्या सर्व्हरकडूनच कॉल घ्या' असा पर्याय असतो, तो चालू करा. एटीएचा मूळ पासवर्डही आजच बदला. कंपनीच्या खात्यात परदेशी कॉल बंद ठेवा किंवा रोजची मर्यादा घाला. पासवर्ड फुटला तर एका रात्रीत महागड्या परदेशी नंबरांवर तासन्‌तास कॉल होतात आणि बिल खातेदाराच्या नावावर येतं.

स्पीडवाला:
आवाज तुटतोय त्यावर कोडेक (आवाज पॅकेटांत भरण्याची पद्धत) जी.७२९ करून टाका. कमी जागा खातो, प्रश्न मिटला.

पॅकेटमोजणी:
नाही मिटणार. हिशोब करू. जी.७११ या नेहमीच्या कोडेकचा आवाज ६४ केबीपीएस, त्यावर पॅकेटांची वेष्टनं धरून इथरनेटवर साधारण ८७. चारही फोन एकाच वेळी बोलले तरी प्रत्येक दिशेला ३५० केबीपीएसच्या आत. अपलोड १० एमबीपीएस आहे, जागा भरपूर आहे. जी.७२९ ने ८७ चे ३१ होतील, पण आवाज खालावेल, फॅक्स तर चालणारच नाही, आणि बटणांचे सूर आवाजातूनच जात असतील तर बँकेच्या 'एक दाबा, दोन दाबा' ला कळणार नाहीत. (बटणांसाठी एटीएमध्ये डीटीएमएफची (बटणांच्या सुरांची) पद्धत आरएफसी २८३३, म्हणजे सूर आवाजापासून वेगळे पाठवणारी, ठेवा, कोडेक कुठलाही असो.)

खरी गोष्ट रांगेची आहे. बॅकअप अपलोड भरून टाकतो आणि मोडेमच्या पोटात पॅकेटांची लांब रांग लागते. आवाजाचं दर २० मिलिसेकंदांनी निघणारं छोटं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. बॅकअप चालू ठेवून कंपनीच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजा. एरवी २० मिलिसेकंद येणारं उत्तर ३०० वर गेलं तर निदान पक्कं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, चढउतार ३० च्या आत आणि गळती १ टक्क्याखाली असेल तर बोलणं सुखाचं होतं.

उपाय राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या सोयीत) आहे. अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली, तुमच्याकडे ८.५ ते ९ एमबीपीएस, घाला, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागेल. तिथे एटीएला पहिला मान देता येतो. नुसतं प्राधान्य देऊन मर्यादा घातली नाही तर काहीच बदलत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. एटीए वायरनेच जोडा, वायफायवर नको.

तांब्याची_तार:
भिंतीतली वायरिंग वापरता येते, पण आधी बाहेरून येणारी लाइन आतल्या वायरिंगपासून पूर्ण तोडा. नुसती 'सेवा बंद झाली' म्हणून भागत नाही, कारण तारेवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट राहू शकतात आणि घंटेच्या वेळी त्याहून कितीतरी जास्त येतात. एटीएचा एफएक्सएस पोर्ट (ज्यात फोन जोडतात तो) स्वतःच वीज देणारा आहे, समोरून वीज आली तर जळतो. तोडल्यावर सॉकेटवर मल्टिमीटर लावून शून्य बघा, मगच एटीएची वायर जोडा. दोन लाइनींच्या जोड्या एकमेकींत मिसळलेल्या नाहीत ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

एका पोर्टवर किती फोन? एटीएच्या माहितीपत्रकात आरईएन (घंटा वाजवायला लागणाऱ्या ताकदीचा आकडा) लिहिलेला असतो. फोनांच्या खाली छापलेल्या आरईएनची बेरीज त्याच्या आत हवी, नाहीतर घंटा मरतुकडी वाजते किंवा वाजतच नाही. चकतीचा जुना फोन असेल तर त्याची घंटा वाजेल, पण पुष्कळ एटीएंना त्यावरून फिरवलेला नंबर समजत नाही.

फॅक्ससाठी कंपनी टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची खास पद्धत) देते का ते विचारा. देत नसेल तर जी.७११, शांतता गाळणं बंद, फॅक्सचा वेग ९६०० आणि ईसीएम (फॅक्सची चूक सुधारण्याची सोय) बंद. एक-दोन पानं जातील, वीस पानांची खात्री धरू नका. चोरघंटेचा डायलर मात्र एटीएवर टाकूच नका. वीज किंवा इंटरनेट गेलं की तो मुका होतो. त्याला मोबाइल सिमवर चालणारं यंत्र लावा.

काउंटरवाला:
एएलजी बंद करून दोन्ही बंद-चालू केले. आलेला कॉल दहा मिनिटं टिकला, आवाजही दोन्हीकडून येतोय. पण एक राहिलं: इंटरनेट त्यातल्याच एका तांब्याच्या लाइनवरून येतं.

रात्रपाळी:
हे आधी सांगायला हवं होतं! त्या लाइनचा नंबर हलवला किंवा ती बंद केली की अनेकदा इंटरनेटही त्याबरोबर जातं, आणि मग नवा फोनही. आधी इंटरनेट वेगळ्या जोडणीवर घ्या, किंवा 'नंबर गेल्यावरही इंटरनेट राहील' असं कंपनीकडून लेखी घ्या.

लँडलाइनचा नंबर इंटरनेट फोनवर नेता येतो का, हे त्या त्या देशाच्या नियमांवर आहे. येत असेल तर जुन्या कंपनीला स्वतः बंद करायला सांगू नका. बंद झालेला नंबर सहसा हलवता येत नाही. अर्ज नव्या कंपनीमार्फत जातो. त्यात नाव, पत्ता आणि खाते क्रमांक बिलावर आहेत तसेच, अक्षर न बदलता लिहा. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण तेच. दोन्ही नंबर अर्जात वेगवेगळे नोंदवा. नंबर हलल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवरून कॉल करून बघा, कारण काही जाळ्यांत बदल उशिरा पोचतो. जुनी लाइन नंतरच सोडा. नंबर नेता येत नसेल तर ती लाइन ठेवून एफएक्सओ पोर्ट (ज्यात बाहेरची लँडलाइन जोडतात तो) असलेलं गेटवे लावा.

विजेचं बघा. तांब्याच्या साध्या फोनला एक्स्चेंजची वीज मिळायची, आता मोडेम, राउटर आणि एटीए तिघांनाही हवी. मिळून साधारण २० वॉट धरा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदावर चार तास, प्रत्यक्षात दोन ते अडीच. आणि कंपनीच्या खात्यात 'फोन संपर्काबाहेर असल्यास मोबाइलवर वळवा' हे चालू करा. ते कंपनीच्या सर्व्हरवरून होतं, म्हणून ऑफिसात अंधार असला तरी चालतं. आणीबाणीच्या नंबरासाठी ऑफिसचा पत्ता खात्यात बरोबर नोंदवलाय का तेही बघा, कारण इंटरनेट फोनची जागा तारेवरून कळत नाही.